वाचनालयाच्या सॉफ्टवेअरसाठी कोणतं फ्रेमवर्क घ्यावं?

कृष्णाकाठ

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय जुनं आहे, शासनमान्य, तालुका 'अ' वर्ग. पुस्तकं ४०,००० च्या घरात, चालू सभासद २,५०० च्या आसपास. देवघेव सध्या रजिस्टरवर चालते. पूर्वी कुणीतरी फॉक्सप्रोमध्ये (जुनं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) एक प्रोग्राम करून दिला होता. तो ज्या संगणकावर होता तो संगणक गेल्या पावसाळ्यात कायमचा बसला. दाखल नोंदवही एक्सेलमध्ये आहे, पण शिवाजी फॉन्टात. कार्यकारिणीने "तू कंप्युटरवाला आहेस ना, बघ की" म्हणून काम माझ्या गळ्यात घातलं आणि मीही हो म्हणून बसलो.

हवंय ते एवढंच: पुस्तकांची नोंद, सभासद, अनामत, वर्गणी, देवघेव, विलंब शुल्क, वर्षाअखेरीस वार्षिक अहवालाला लागणारे आकडे. शिवाय एखादं पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय हे सभासदाला घरून मोबाइलवर दिसावं.

मी नोकरीत जावा लिहितो. मदतीला गावातलीच इंजिनिअरिंगची दोन मुलं आहेत, एकाला रिॲक्ट येतं, एकीला पायथन. फ्रेमवर्कची (म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्याची) चार नावं डोक्यात आहेत: स्प्रिंग बूट (जावाचं), जँगो (पायथनचं), लाराव्हेल (पीएचपीचं), नेक्स्ट जेएस (जावास्क्रिप्टचं, रिॲक्टवर बसलेलं). रोज रात्री एकेकाचे व्हिडिओ बघतो आणि सकाळी मत बदलतं. तुम्ही काय घेतलं असतं, आणि का?

पुणेरी_सर्व्हर

बजेट किती ते लिहिलेलं नाही. म्हणजे बजेट नाही असं समजून चालतो.

कृष्णाकाठ

@पुणेरी_सर्व्हर, बरोबर समजलात. डोमेन आणि एक छोटा सर्व्हर, एवढ्याचे पैसे एका देणगीदाराने वर्षभरासाठी दिलेत. पुढच्या वर्षी परत त्यांच्या दारात.

बे_एरियातला_बंड्या

नेक्स्ट जेएस, डोळे मिटून. पुढची-मागची बाजू एकाच भाषेत होते, टाइपस्क्रिप्टमुळे निम्म्या चुका लिहितानाच लाल दिसतात, आणि सभासदांचं मोबाइलवरचं पान झटकन उघडतं. रिॲक्ट फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलं, आज कुठल्याही कॉलेजातल्या मुलाला विचारा, बाकी काही नाही तरी रिॲक्ट येतं म्हणून सांगेल. माणसं मिळणं हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. जँगो चांगलं असेल, पण टेकएम्पॉवर कंपनीची फ्रेमवर्कांची चाचणी बघा, वेगात कुठे आहे ते.

मीरा_जो

बंड्या, वाचनालयात गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सहा ते सात, मिनिटाला दोन माणसं पुस्तक बदलतात. तिथे वेगाची चाचणी कशाला?

माझं मत जँगो. कारण फार साधं आहे, त्याचा ॲडमिन. पुस्तक, प्रत, सभासद, देवघेव अशी चार मॉडेल्स लिहायची, ॲडमिनमध्ये नोंदवायची, की भरणा करायची पानं तयार. शोध, गाळणी, कुणी कधी काय बदललं याची नोंद, परवानग्या, सगळं हाताशी. जँगो जन्मालाच आलं ते एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'मध्ये, संपादकांना तातडीने मजकूर चढवता यावा म्हणून. २००५ मध्ये ते खुलं झालं. संगणकाशी फार देणंघेणं नसलेल्या माणसाने रोज बसून नोंदी भरायच्या, हाच त्याचा मूळ उपयोग, आणि तुमच्याकडे नेमकं तेच काम आहे. ४०,००० पुस्तकं बघायला नव्हे, भरायला पान लागणार आहे.

एक गोष्ट मात्र आधी कागदावर नीट काढा: पुस्तक वेगळं आणि प्रत वेगळी. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतात, पाचही प्रतींना वेगळा दाखल अंक असतो. देवघेव प्रतीची होते, शोध पुस्तकाचा होतो. हे एकाच टेबलात कोंबलेलं मी पाहिलंय. तिथे पाचवी प्रत फाटली म्हणून रद्द केली तर पाचही गायब व्हायच्या. आणि एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असू शकते, हा नियम स्क्रीनवर नव्हे, डेटाबेसमध्ये घाला. जँगोत अट घातलेलं युनिक बंधन देता येतं: 'परत आल्याची तारीख' रिकामी असलेल्या नोंदींत तोच दाखल अंक दुसऱ्यांदा नको. पोस्टग्रेस (हा डेटाबेस) ते नीट पाळतं. दोन टेबलांवर दोघांनी एकदम एंटर दाबलं तरी एकच नोंद होईल.

उंटावरचा_शहाणा

मी स्वतः एक फ्रेमवर्क लिहायला घेतलंय. जगातल्या सगळ्या फ्रेमवर्कांचे दोष काढून टाकणारं. सध्या फक्त त्याचा लोगो झालाय. थांबणार का?

जुनाजाणता

वर कुणी होस्टिंगचा विचारच करत नाहीये. गावातलं वाचनालय आहे, सर्व्हरवर काळ्या पडद्यात आज्ञा देणारा माणूस तिथे कायम बसणार नाही. साधं शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट), सीपॅनेल (ब्राउझरातून ते सांभाळायचं पान), पीएचपी, मायएसक्यूएल (डेटाबेस). फायली चढवल्या की चालू. हे स्वातंत्र्य पायथनला आजही तितकंसं नाही.

लाराव्हेल २०११ पासून आहे, कागदपत्रं इतकी चांगली की पोरं आठवड्यात कामाला लागतात. मीराताईंना ॲडमिनचं कौतुक आहे तर लाराव्हेलवर फिलामेंट हा तसाच तयार ॲडमिन बसवा. फुकट आहे आणि दिसायला जँगोच्या ॲडमिनपेक्षा कितीतरी बरं. पीएचपीला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की विकिपीडिया आणि वर्डप्रेस दोन्ही त्याच्यावरच चालतात.

खडूस_कोडर

पीएचपीला हसत नाही, रडतो. ७.० आलं (२०१५) तेव्हा जुनी mysql वाली फंक्शन्स काढून टाकली. होस्टिंगवाल्याने एका रात्रीत आवृत्ती वर नेली आणि आमच्या एका गिऱ्हाइकाची साइट सकाळी पांढरी फटक. 'फायली चढवल्या की चालू' खरं आहे. 'होस्टिंगवाल्याच्या मनात आलं की बंद' हेही खरं आहे.

अडाणी_अभियंता

धागाकर्त्याला जावा येतं. धागाकर्ता जावा रोज लिहितो. मग चर्चा कसली चाललीय? जे येतं ते घ्या. मध्यरात्री काही बिघडलं तर व्हिडिओ बघत बसणार की कोड? स्प्रिंग बूट २०१४ पासून आहे, बँका त्यावर चालतात, तुमचं वाचनालयही चालेल.

मीरा_जो

@अडाणी_अभियंता, मुद्दा रास्त आहे. पण जावा फक्त एकाला येतं. उद्या कृष्णाकाठ यांची बदली बेंगळुरूला झाली तर मागे राहिलेल्या दोघांना ते चालवायचंय. आणि छोटा सर्व्हर म्हणजे बहुधा १ जीबी मेमरी. तिथे जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) आणि पोस्टग्रेस शेजारी शेजारी बसवले की दोघांचीही ओढाताण होते.

अडाणी_अभियंता

२ जीबीचा घ्या. देणगीदाराला सांगा, एक सत्यनारायण कमी करा.

खडूस_कोडर

शिवाय स्प्रिंग बूट ३ ला (नोव्हेंबर २०२२) किमान जावा १७ लागतो, आणि कोडमधल्या javax या पॅकेजांचं नाव jakarta झालं. आमच्याकडे त्या एका नावबदलासाठी अख्खी टीम महिनोन् महिने बसली होती. आणि डिसेंबर २०२१ चं, जावाच्या लॉग४जे लायब्ररीत सापडलेल्या भोकाचं प्रकरण आठवतंय ना? ख्रिसमसची सुट्टी टाकलेले सगळे परत बोलावले होते.

बे_एरियातला_बंड्या

बघा, म्हणूनच म्हणतो जावास्क्रिप्ट :)

खडूस_कोडर

बंड्याशेठ, डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये सापडलेलं भोक विसरलात? लॉगिन न करता बाहेरून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. गंभीरता १० पैकी १०. नेक्स्ट जेएसवालेही बरेच त्यात आले होते. आणि त्याआधी २०१६ मध्ये कुणीतरी रागाने ११ ओळींचं लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून) काढून घेतलं तर जगभरचे बिल्ड अडकले. भोकं सगळ्यांना पडतात हो. ती बुजवायला तुमच्याकडे माणूस आहे का, एवढंच विचारायचं.

वऱ्हाडी_वळण

वाचून राह्यलो भाऊ, मजा येऊन राह्यली.

एक किस्सा. आमच्याकडच्या एका पतसंस्थेचं काम एका मोठ्या शहरातल्या कंपनीला गेलं. सभासद दीड हजार. त्या लोकांनी मायक्रोसर्व्हिसेस केल्या. ठेवी वेगळी सर्व्हिस, कर्ज वेगळी, लॉगिन वेगळी, एसएमएस वेगळी. मधे मेसेजची रांग. दाखवताना पडद्यावर बाण असे की पाहूनच माणूस चक्रावून जाय. मग झालं काय, खात्यात पैसे जमा होत आणि पासबुकात दुसऱ्या दिवशी दिसत. मॅनेजर गिऱ्हाइकाले म्हणे, "उद्या या, सर्व्हिस अजून पोचली नसन." शेवटी गावातल्याच पोराने पीएचपीच्या एका प्रोग्रामात सगळं बसवलं. अजून चालू आहे.

ग्रंथपाल_ताई

मी जिल्ह्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण एक विचारते. हे सगळं नव्याने लिहायचंच कशाला? कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर आहे ना. खुलं आहे, फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये चालू झालं, तेव्हापासून जगभर वापरात आहे. देवघेव, आरक्षण, विलंब शुल्क, सगळं त्यात आहे. आमच्याकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी ते पाहिलंय.

जुनाजाणता

कोहा पर्लमध्ये आहे. पर्लवाला तालुक्यात शोधणं म्हणजे...

ग्रंथपाल_ताई

काका, आम्हाला ते लिहायचं नाहीये, वापरायचंय. चारचाकी घेताना तुम्ही इंजिनाची धातू विचारली होती का?

पुणेरी_सर्व्हर

ताईंना १०० गुण. धागा इथे संपवायला हरकत नाही. पण संपणार नाही हे माहीत आहे.

कृष्णाकाठ

ताई, कोहा खरंच बसवून पाहिलं. दोन अडचणी आल्या. एक, त्यात पुस्तकाची नोंद मार्क (MARC) या ग्रंथालयांच्या पद्धतीने, रकान्यांच्या आकड्यांनी होते: २४५ मध्ये नाव, १०० मध्ये लेखक. आमच्या ग्रंथपाल मॅडम निवृत्तीला आल्यात आणि लिपिक बारावी झालेला आहे, तो बघूनच मागे सरकला. दोन, आमची वर्गणी-अनामतीची पद्धत: मासिक, वार्षिक, आजीव, त्यात 'एक पुस्तक एक मासिक' असे गट. ते त्यात बसवताना माझीच दमछाक झाली. पण तुमचा प्रश्न शंभर टक्के योग्य आहे, कार्यकारिणीपुढे तो परत ठेवीन.

ग्रंथपाल_ताई

मार्कचे आकडे लपवून सोपा तक्ता करता येतो त्यात, चारच रकाने दिसतील असा. पण असो, तुम्ही प्रयत्न केलाय म्हणजे झालं. मात्र स्वतःचं लिहिलंत तरी पुढेमागे मार्कमध्ये बाहेर काढता येईल अशी सोय ठेवा. आणि दशमान वर्गीकरणाचा अंक हा अंक म्हणून साठवू नका, अक्षरं म्हणून साठवा. ८९१.४६ आणि ८९१.४६० एकच धरले की कपाटातला क्रम बिघडतो.

लिपीकार

इतके प्रतिसाद झाले आणि देवनागरीबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. तुमचा प्रकल्प फ्रेमवर्कमुळे अडकणार नाही, अडकला तर इथे अडकेल. म्हणून सविस्तर लिहितो.

शोध. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. एकात ऱ हे नुक्तावालं स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मधे न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. म्हणजे लिपिकाने एका कीबोर्डने पुस्तक भरलं आणि सभासदाने मोबाइलवर दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर 'सापडले नाही'. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एनएफसी) यांना एक करत नाही. 'ॲ'चं तेच: एक सलग अक्षर, आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेलं. तेव्हा शोधासाठी वेगळा रकाना ठेवा. त्यात नाव साठवताना हे प्रकार एका साच्यात आणा, न दिसणारे जोडक काढून टाका, ऱ चा र करा, आणि शोधणाऱ्याच्या शब्दालाही तेच संस्कार करून मग जुळवा. मूळ नाव जसंच्या तसं राहू द्या.

क्रम. कोड क्रमांकानुसार ळ हे ल आणि व च्या मधे येतं. मराठीत ते ह नंतर. म्हणून साध्या क्रमात 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर येतो, आपल्याला हवं ते उलट. पायथनचं साधं sorted, जावास्क्रिप्टचं साधं sort, सगळे हाच गोंधळ करतात. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीची मराठी क्रमजुळणी मिळते, mr-x-icu नावाने, ती त्या रकान्याला लावा. क्ष आणि ज्ञ कुठे घालायचे यात कोशाकोशांत फरक आहे, ते तुमच्या ग्रंथपाल मॅडमना विचारून ठरवा.

छपाई. पावती, ओळखपत्र, वार्षिक अहवाल पीडीएफमध्ये लागणार. बऱ्याच पीडीएफ लायब्रऱ्या अक्षरांची जुळणी करतच नाहीत. जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. पायथनमध्ये वीझीप्रिंट वापरलं तर मागे पँगो ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी असल्याने अक्षरं नीट येतात. नाहीतर एचटीएमएल पान करून क्रोमकडूनच पीडीएफ काढायचं. तो मार्ग कुठल्याही फ्रेमवर्कात चालतो.

आणि शिवाजी फॉन्ट. ते मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेली मराठी चित्रं आहेत. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण एकाच एक्सेलमध्ये काही ओळी शिवाजीत, काही श्रीलिपीत आणि काही खऱ्या इंग्रजीत असतात. ओळीनिहाय फॉन्ट कोणता ते तपासून मगच रूपांतर करा, नाहीतर इंग्रजी पुस्तकांची नावं अगम्य मराठीत जातील.

मीरा_जो

वाखु (वाचनखूण) साठवली. ऱ चा त्रास मला मुंबईतल्या एका प्रकल्पात झाला होता, कारण मात्र आज कळलं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे माझ्या फ्रेमवर्कच्या लोगोतला ऱ कुठला घेऊ?

जुनाजाणता

लिपीकार, उत्तम. मायएसक्यूएल घेणाऱ्यांसाठी एक जोड: जुन्या टेबलांचा अक्षरसंच latin1 असेल तर मराठी नावाच्या जागी ???? येतात, आणि एकदा आले की परत मिळत नाहीत, मूळ अक्षरं गेलेलीच असतात. पहिल्या दिवशी utf8mb4 करून ठेवा. नुसतं utf8 देवनागरीला पुरतं, पण सभासदाने अभिप्रायात हसरा चेहरा टाकला की फसतं.

चिपळूणकर_नाही

आमच्या कोकणात पावसात तीन-तीन दिवस नेट नसतं. त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. देवघेवीचं टेबल नेटवर अवलंबून ठेवणार का? सभासद भिजत आलाय, लिपिक म्हणतोय सर्व्हर लागत नाही, मग रजिस्टर परत बाहेर येतं, आणि एकदा बाहेर आलं की कायमचं.

आमच्याकडे वाचनालयातल्याच एका संगणकावर लिनक्स टाकून तिथेच सर्व्हर चालवलाय. टेबलावरचे दोन संगणक केबलने त्याला जोडलेले. नेट असलं तर रात्री प्रत बाहेरच्या सर्व्हरवर जाते आणि सभासदांना तीच दिसते, म्हणजे आदल्या दिवसापर्यंतची स्थिती. कुणाची तक्रार नाही. बॅकअप मात्र इमारतीच्या बाहेर हवाच. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे संगणक आणि त्यांच्या शेजारी ठेवलेले बॅकअप एकत्रच गेले, असं किती जणांचं झालं.

बारकोडसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. देवघेवीच्या पानावर एकच चौकट ठेवा, पान उघडताच कर्सर तिथे. आधी सभासदाचं कार्ड, मग पुस्तक. पुस्तक बाहेर असेल तर तेच स्कॅन म्हणजे परत आलं. माउसला हात लावावा लागता कामा नये. आमचा लिपिक एका हातात चहा धरून देवघेव करतो.

बे_एरियातला_बंड्या

हे आवडलं. आणि आता लोकलच चालवायचं असेल तर नेक्स्टचा माझा अर्धा मुद्दा गेला, मान्य.

पण उरलेला अर्धा कुणी ऐकत नाहीये. तिघांपैकी दोघं विद्यार्थी आहेत, फुकट काम करणार आहेत. त्यांना यातून मिळणार काय? नोकरीच्या मुलाखतीला सांगता येईल असं काहीतरी. तुम्ही त्यांना ॲडमिनची पानं नोंदवायला लावलीत तर सहामाही परीक्षेनंतर ती येणार नाहीत. 'कंटाळवाणं तेच टिकतं' हे आपण पगारी लोक म्हणतो. वीस वर्षांच्या मुलीला ते म्हणून दाखवा.

खडूस_कोडर

पहिल्यांदाच बंड्याशी सहमत व्हायची पाळी आली. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मीरा_जो

मला नाही पटत. वाचनालय त्यांच्या बायोडाटासाठी चालत नाही. आणि पोस्टग्रेसमध्ये मराठी क्रम लावला, दुहेरी देवघेव डेटाबेसमध्ये अडवली, असं मुलाखतीत सांगणारी मुलगी मी लगेच घेईन. रिॲक्टमध्ये टू-डू यादी केलेले रोज दहा येतात.

मधला मार्ग हवा असेल तर: आतलं सगळं जँगोत, आणि सभासदांचं शोधपान त्या मुलाला रिॲक्टमध्ये करू द्या. ते पान मोडलं तरी देवघेव थांबत नाही. देवघेवीच्या पानाला थोडं चटपटीत करायचं तर एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी पुरेल.

बे_एरियातला_बंड्या

तू घेशील गं, मीरा. पण मुलाखतीआधी बायोडाटा चाळतं ते एचआर. तिथे 'जँगो ॲडमिन' आणि 'नेक्स्ट जेएस' यांतलं काय पुढे सरकतं ते मी रोज बघतो.

पुणेरी_सर्व्हर

फॉक्सप्रोची चर्चा राहिली. मायक्रोसॉफ्टने त्याची शेवटची आवृत्ती, ९.०, २००४ मध्ये काढली आणि आधार २०१५ च्या जानेवारीत संपवला. म्हणजे ज्याने तुम्हाला तो प्रोग्राम करून दिला त्याने त्या काळी अत्यंत शहाणपणाची, सगळ्यांनी मान डोलवावी अशी निवड केली होती. जँगोचंही कधीतरी तेच होईल, लाराव्हेलचंही. अँग्युलरजेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचा आधार बंद झाला, तसल्याच व्ह्यू २ चा २०२३ च्या अखेरीस संपला.

पण फॉक्सप्रो मेलं तरी त्याच्या डीबीएफ फायली मेलेल्या नाहीत. बसलेल्या संगणकाची हार्ड डिस्क काढा, यूएसबीच्या खोक्यात घालून दुसऱ्याला जोडा. डिस्क शाबूत असेल तर डीबीएफ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. कदाचित पुस्तकांची यादी एक्सेलपेक्षा तिथे जास्त नीट असेल. चारपैकी काहीही घ्या, पण दर महिन्याला सगळी टेबलं साध्या सीएसव्हीत काढून ठेवायची सवय लावा, पुढच्या कृष्णाकाठांना उपयोगी पडेल.

अडाणी_अभियंता

सभासदांचे मोबाइल नंबर, पत्ते ठेवताय ना? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, वाचून घ्या. आधार कार्डाची झेरॉक्स स्कॅन करून कुठे टाकू नका, गरजच नाही. आणि कोण कोणतं पुस्तक वाचतं हे शोधपानावर चुकूनही दिसू देऊ नका. 'पुस्तक बाहेर आहे' एवढं पुरे.

ग्रंथपाल_ताई

याला जोरदार अनुमोदन. आमच्याकडे एक काका रोज विचारतात, "अमुक पुस्तक कुणाकडे आहे, मी त्याच्या घरून आणतो." रजिस्टर हाताने झाकून बसावं लागतं.

कृष्णाकाठ

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल दोघा मुलांना घरी बोलावून हा धागा वाचून दाखवला. सध्या ठरलंय ते असं: जँगो, ५.२ ही आवृत्ती, कारण तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेचे दुरुस्त्या-संच मिळणार आहेत. सोबत पोस्टग्रेस. सर्व्हर वाचनालयातच, पहिल्या मजल्यावर. शोधपान रिॲक्टमध्ये, ते रिॲक्टवाला करणार. जावा सोडताना जिवावर आलं, पण पायथनवाली मुलगी गावातच राहणार आहे, मी राहीनच असं नाही.

हार्ड डिस्क जोडली. चालू झाली! DAKHAL.DBF नावाची फाईल आहे, ३१,००० च्या वर नोंदी. पण उघडल्यावर अक्षरं अगम्य आहेत, शिवाजीसारखी दिसत नाहीत. @लिपीकार, हे काय असेल?

जुनाजाणता

लाराव्हेल घेतलं असतंत तर... बरं, जाऊ द्या. शुभेच्छा. होस्टिंगचं काही अडलं तर विचारा.

लिपीकार

डॉसच्या काळातलं असेल तर इस्की (ISCII, भारतीय लिप्यांचा जुना संगणकी कोड) असू शकतं. त्या वेळी सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायचं कार्ड) मराठी चालायचं, आणि ते इस्कीत साठवायचं. तसं निघालं तर तुमचं नशीब, कारण इस्की हे फॉन्टाचं चित्र नाही, अक्षरांचा खरा कोड आहे, युनिकोडची देवनागरीची मांडणीही त्यावरूनच आलीय. रूपांतर जवळजवळ सरळ होतं. मराठी अक्षरांचे बाइट १६० च्या वरचे आहेत का बघा आणि पहिल्या दहा ओळी हेक्समध्ये (प्रत्येक बाइटाचा आकडा दिसेल अशा) इथे टाका.

कृष्णाकाठ

हेक्स कसं काढायचं ते मुलीला येतं म्हणाली. संध्याकाळी टाकतो.

उंटावरचा_शहाणा

सभासदांच्या फाईलमधल्या ओळी टाकू नका, पुस्तकांच्याच टाका. ते काका इथेही येतील.